दुसरा क्लास लावण्याआधी

"मॅडम, यंदा पाचवी. क्लास लावलाय, पण मार्क काही वाढत नाहीत. दुसरा बघू का?"

शाळा सुरू झाली की दिवाळीपर्यंत ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोलीहून येणारे कितीतरी पालक हाच प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतात. मनात भीतीही एकच असते: प्राथमिकचं शेवटचं वर्ष आहे, आत्ता पाया कच्चा राहिला तर सहावीपासून मूल मागेच पडत जाणार.

ऐरोलीची एक आई अशीच आली. ती महापेला नोकरीला, नवरा रोज ठाण्यापलीकडे जाणारा. मुलाची शाळा सकाळची. दुपारी शाळेच्या अभ्यासाचा क्लास, संध्याकाळी सहा ते साडेसात स्कॉलरशिपची बॅच. एवढं करून घटक चाचणीत गणिताला २५ पैकी ९. तिला माझ्याकडून एखाद्या चांगल्या सरांचं नाव हवं होतं. मी मुलाला भेटायचं ठरवलं.

कोऱ्या कागदावर मी एक साधं उदाहरण लिहिलं. सिनेमा दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी सुरू झाला आणि २ तास ३० मिनिटं चालला, तर किती वाजता संपला? त्याने पेन्सिल उचललीच नाही.

"हे कोणत्या टाइपचं आहे?"

"टाइप म्हणजे?"

"सर आधी टाइप सांगतात, मग ट्रिक देतात. मग आम्ही करतो."

"आणि टाइप नाही सांगितला तर?"

"सांगतातच."

मी कागद बाजूला ठेवला. "तुझी बॅच सहा ते साडेसात ना? त्यात सर शिकवतात किती वेळ?"

"सव्वा तास. शेवटची पंधरा मिनिटं टेस्ट असते."

"आत्ता वजाबाकी केलीस ती कोणत्या टाइपची होती?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने स्वतःच कागद ओढला. "पावणेचार... दोन तासांनी पावणेसहा... आणि अर्धा तास... सव्वासहा!" तेवढ्यावर न थांबता त्याने मला आणखी एक उदाहरण मागितलं.

मुलाचं गणित कच्चं नव्हतं. कुणी सुरुवात करून दिल्याशिवाय आपल्याला येणारच नाही, असा त्याचा समज झाला होता आणि दोन्ही क्लास नकळत तो रोज पक्का करत होते. अडलं की पाच सेकंदांत फळ्यावर उत्तर. अडून राहायचं, खोडायचं, पुन्हा मांडायचं, यासाठी त्याच्या दिवसात जागाच उरली नव्हती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर आहे. एखादी घटना माणसाला जेवढी खचवते, त्याहून जास्त त्या घटनेबद्दलची त्याची समजूत खचवते, हे मला मोठ्यांइतकंच दहा वर्षांच्या मुलांतही दिसत आलं आहे.

पण खरी गाठ सुटली ती आईशी बोलताना. एक क्लास बंद करून बघू या म्हटल्यावर ती घाबरली.

"आणि मार्क आणखी घसरले तर?"

"तर काय होईल?"

"सासूबाई म्हणतील, नोकरीपायी पोराकडे दुर्लक्ष केलं."

मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्या कदाचित नाही म्हणणार. मलाच तसं वाटेल."

"मग हा दुसरा क्लास कोणासाठी आहे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा मोकळा झाला. अशा वेळी घाईने समजूत घालायची नाही, माणसाला त्याच्या उत्तरापाशी थांबू द्यायचं, हे मी अनेक वर्षांच्या कामातून कमावलं आहे. क्लासची फी म्हणजे त्या आईने स्वतःच्या अपराधी भावनेवर शोधलेला उपाय होता. हे कळल्यावर क्लास निवडणं तिला सोपं गेलं. तिने दुपारचा बंद केला, संध्याकाळचा मुलाच्या इच्छेने ठेवला.

आता तुमच्यासाठी. शिष्यवृत्ती परीक्षा ऐच्छिक आहे. २०२५-२६पर्यंत ती पाचवीत होती, आता चौथीत असते. गणित नि बुद्धिमत्ता चाचणीला १००-१०० आणि दोन भाषांना ५०-५० असे तिचे ३०० गुण. त्यात कमी पडल्याने कुणी त्याच वर्गात राहत नाही. पाचवीची वार्षिक परीक्षा वेगळी. २०२३च्या नियमांप्रमाणे त्यात मागे राहिलेल्या मुलाला आधी पुन्हा परीक्षेची संधी मिळते, तिथेही जमलं नाही तरच तो त्याच वर्गात राहतो. दोन्हींची भीती एकत्र करून मुलाच्या डोक्यावर ठेवू नका.

क्लास लावूच नका, असं मी कधीच म्हणत नाही. मूल अजून अडखळत वाचत असेल, भागाकार किंवा अपूर्णांक मुळातच समजले नसतील, घरी कुणाला वेळ नसेल, तर मदत हवीच. पण बघून घ्या. मुलं थोडी आहेत का? चुकलं तर सर "कसं केलंस?" असं विचारतात, की पुसून स्वतःच करून देतात? आणि तिथे शिकलेलं मूल घरी तुम्हाला समजावून सांगू शकतं का? माझ्या लेखी हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. महिनाभरात त्याचं उत्तर "नाही" आलं, तर दुसरा क्लास जोडू नका, आहे तोच बदला. दुसरा जोडला, तर तोच धडा दोनदा शिकून घेण्यात मुलाची संध्याकाळ जाते, एवढंच होतं.

घरी रात्री वीस मिनिटं पुरतात. एकच उदाहरण द्या, तेही धड्याचं नाव न सांगता. मूल अडलं की बोलू नका. फार कठीण जातं, मला माहीत आहे. दहा मिनिटांनीही जमलं नाही तर उत्तराऐवजी विचारा, "यातलं तुला काय माहीत आहे?" ऐरोलीच्या आईने हे सुरू केलं तेव्हा पहिले काही दिवस मुलगा चिडायचा, वही ढकलायचा. तिने ते सोसलं.

शिष्यवृत्तीच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. आता तो सहावीत आहे. गणिताचा क्लास नाही. इंग्रजी वाचताना अडखळतो, म्हणून आठवड्यातून दोन दिवस सोसायटीतल्या एका ताईकडे जातो. ती शिकवणी त्याने स्वतः मागून घेतली.