एचएमटी तांदूळ नेमका कोणी शोधला? त्यांचं पुढे काय झालं?

एचएमटी हा घड्याळकंपनीचा तांदूळ नाही, हे आधी सांगतो. सोलापुरात भुसार दुकानात बरेच जण तसंच समजतात! तो शोधला दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी. गाव नांदेड, पण मराठवाड्यातलं नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास.

१९८३ च्या सुमारास पटेल-३ या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणे काढून जपून ठेवले, पुढच्या वर्षी वेगळे पेरले, निवडले, परत पेरले. हाताखाली प्रयोगशाळा नाही, नुसती नजर. तयार झाला तो बारीक, चवीला चांगला तांदूळ. तेव्हा एचएमटीची घड्याळं जोरात होती, व्यापाऱ्याने तेच नाव लावलं.

खरं दुखणं पुढे आहे. बियाणं राज्याबाहेर गेलं, पैसा दुसऱ्यांनी केला. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) त्यांच्याकडूनच बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' आणलं. दादाजींनी मात्र नांदेड चिन्नोर, डीआरके असे आणखी वाण काढले. २०१० मध्ये 'फोर्ब्स' मासिकाने दखल घेतली. शेवटी पक्षाघात झाला आणि ३ जून २०१८ ला गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये (डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या दवाखान्यात) ते गेले. उपचाराच्या पैशांसाठी घरच्यांना हात पसरावे लागले होते.

आपल्याकडे सोलापुरात नान्नजच्या नानासाहेब काळेंनी थॉम्पसन द्राक्षातून सोनाका ही जात निवडली, तीही अशीच नजरेने. पण द्राक्ष नगदी पीक, धानाचं तसं नाही.