दुर्बीण घ्यायचीय, पण किती एक्स?

प्रश्न : भिगवणला पक्षी बघायला अधूनमधून जातो, आता स्वतःची दुर्बीण घ्यायचीय. बजेट सहा-सात हजार, पण ऑनलाइन 20×50, 30×60 दीड-दोन हजारात दिसतायत, झूमवाली पण आहे. दुकानदार म्हणतो जितके जास्त एक्स तितकी भारी. मला चष्मा आहे. रात्री तारे बघायला हीच चालेल का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : दुकानदाराचं सोडा हो. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत केवढा जाड ते कळतं. 8×42 ला 5 मिमीच्या वर, 20×50 ला जेमतेम 2.5, म्हणजे उजाडता उजाडता, जेव्हा पक्ष्यांची खरी मजा असते तेव्हाच चित्र काळपट. त्यात हाताची थरथरही 20 पट, नावेत बसल्यावर तर विचारूच नका. स्वस्तातल्या मालावरचा 30×60 बहुतेक वेळा नुसता छापलेला असतो. झूमवाली नको, आणि लालभडक चमकणाऱ्या काचेची तर अजिबात नको, ते कोटिंग लाल प्रकाशच परत पाठवतं, मग फ्लेमिंगोचा गुलाबी रंग दिसणार कुठून!

8×40 किंवा 8×42 घ्या, पोरो प्रिझमची, ती जुन्या घाटाची खांदे बाहेर आलेली. सरळ नळ्यांची रूफ प्रिझमवाली दिसायला सुटसुटीत, पण तिचं प्रिझम फार अचूक घासावं लागतं, वर चित्र रेखीव ठेवणारं फेज कोटिंग लागतं, आणि स्वस्तात नेमकी तिथेच काटकसर होते. निकॉनची अॅक्युलॉन 8×42 चांगली आहे पण आय रिलीफ (डोळ्याकडच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) 12 मिमीच, चष्मा लावून बघायचं तर 15 च्या पुढे हवा. नुसता लांबचा-जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवा, भागतं. सिलिंड्रिकल जास्त असेल तर नाही भागत.

कमी किमतीत एकाच मॉडेलचे दोन पीस सारखे निघतीलच असं नाही, म्हणून दोन-तीन काढायला लावा, दुकानदार कुरकुरला तरी. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा (सूर्याकडे चुकूनही नाही), आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, उजेडाचा ठिपका दिसेल. तो पूर्ण गोल हवा, कडा कापल्यासारखा चौकोनी दिसला तर प्रिझम हलक्या प्रतीच्या काचेचं. मग दुकानाबाहेर येऊन लांबची विजेची तार बघा आणि बघता बघता दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्या, तार दोन्हीकडे वर-खाली तुटलेली दिसली की कोलिमेशन, म्हणजे दोन्ही नळ्यांची एकमेकींशी जुळणी, गेलेलं, तो पीस परत द्या, नाहीतर अर्ध्या तासात डोकं धरेल. पण त्याआधी मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग फक्त उजव्या आयपीसची रिंग. हे न करताच लोक म्हणतात दुर्बीण खराब.

रात्रीचं म्हणाल तर हीच चालते. कृत्तिका झकास दिसतात, आणि गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकवून गुरूकडे बघितलंत तर त्याचे चार मोठे चंद्रही, एखादा कधी मागेपुढे दडलेला असतो. शनीची कडी मात्र नाही दिसायची, त्याला टेलिस्कोपच पाहिजे.