कोल्ह्याच्या बोटीतलं चित्र खरं की खोटं?

प्रश्न: नमस्कार ताई, माझी मुलगी ९ वर्षांची आहे, निन्टेन्डो स्विचवर 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' खेळते. त्यात रेड नावाचा कोल्हा बोट घेऊन येतो आणि चित्रं विकतो. तिने ४,९८० बेल्स (गेममधले पैसे) मोजून मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीचं चित्र घेतलं, तर म्युझियममधल्या घुबडाने खोटं आहे म्हणून ते घेतलंच नाही. दोन दिवस हिरमुसून बसलीये. खरं-खोटं ओळखायचं कसं? आणि ही चित्रं खरंच कुठे असतात का?
– एक आई, नाशिक

उत्तर: असतात हो, सगळीच्या सगळी! गेममध्ये ३० चित्रं आणि १३ शिल्पं आहेत, एकूण एक खऱ्या जगातली. लेकीने घेतलं ते योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचं, साधारण १६६५ चं, नेदरलँड्सला हेग शहरात मॉरित्सहाउस म्युझियममध्ये आहे. रेडच्या नकली कॉपीत कानातलं चांदणीच्या आकाराचं असतं, तिथेच ती फसली बघा. आता तिला जवळ घेऊन बसा आणि मूळ चित्र फोनवर मोठं करून दाखवा. आपण मोती मोती म्हणतो पण त्याला अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाहीये, वर एक ठसठशीत पांढरा ठिपका, खाली कॉलरची पुसट झाक, बस्स, बाकीचा मोती आपलाच डोळा भरून काढतो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ झूम करून बसले होते.

बोटीत चित्र घ्यायच्या आधी जवळून बघता येतं, तेव्हा मूळ चित्र शेजारी ठेवायचं आणि दोन्हीकडे सावकाश बघायचं. नेटवर उत्तरांच्या तयार याद्या मिळतात, पण प्लीज तिला त्या लगेच देऊ नका, शोधू दे तिला, खरी मजा त्यातच आहे. व्हर्मीरचीच दूध ओतणारी बाई घ्या, खऱ्या चित्रात धार अगदी बारीक आहे, नकलीत बदाबदा दूध पडतं. मोनालिसाच्या भुवया मूळ चित्रात दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल, रेडवाल्या मोनालिसाच्या चांगल्या उंचावलेल्या असतात. लिओनार्डोच्याच व्हिट्रुव्हियन मॅनच्या, म्हणजे वर्तुळात हातपाय पसरून उभ्या माणसाच्या चित्राच्या कागदावर कॉफीचा डाग दिसला की समजायचं, नकली. जपानी चित्रकार होकुसाईची लाट आणि व्हॅन गॉगची सूर्यफुलं मात्र बिनधास्त घ्या, ती खोटी येतच नाहीत.

आणि हो, खरं चित्र गेममधल्या म्युझियममध्ये लागलं की खालची पाटी तिला मोठ्याने वाचायला सांगा, चित्रकाराचं नाव, साल, सगळं त्यात असतं.

ते खोटं चित्र दुकानात विकलं जात नाही, पण म्हणून टाकून देऊ नका, गेममधल्या तिच्या घरात भिंतीवर लावू दे आणि रात्र झाली की अधूनमधून त्याच्याकडे बघायला सांगा. त्या मुलीचे डोळे कधीकधी मिटलेले दिसतात.