दिवसभर घरी असूनही 'ग्राहक उपलब्ध नाही' अशी नोंद का होते आणि तेव्हा काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की एका पार्सलसाठी तुम्ही सलग तीन दिवस घरी थांबलात, त्यांपैकी एक दिवस तर रजा काढून, आणि तिन्ही संध्याकाळी 'आमचा प्रतिनिधी येऊन गेला, ग्राहक उपलब्ध नव्हते' हाच संदेश आला. बेल वाजली नाही, फोनही आला नाही. असे का होते आणि आता काय करावे, हा तुमचा प्रश्न आहे. मी एका कुरियर कंपनीच्या वितरण केंद्रात तीन वर्षे संध्याकाळच्या पाळीत काम केले आहे. दिवसभरात ज्यांच्या घरी पोहोचू शकली नाहीत ती पार्सले परत आली की ती मोजायची, नोंदींशी ताडून पाहायची आणि पुन्हा फळीवर लावायची, हे माझे काम होते. त्यामुळे त्या एका ओळीमागे किती निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे मी जवळून पाहिले आहे. तुमचा संताप रास्त आहे. मात्र त्या ओळीमागचे खरे कारण शोधल्याशिवाय केलेली तक्रार बहुधा वाया जाते, आणि चौथ्या दिवशीही तोच संदेश येतो.

आधी ही नोंद जन्माला कशी येते, ते सांगते. सकाळी गाडीतून आलेली पार्सले विभागवार वेगळी केली जातात आणि प्रत्येक पार्सल स्कॅन करून एकेका माणसाच्या नावावर चढवले जाते. या यादीला आम्ही रनशीट म्हणत असू. 'आऊट फॉर डिलिव्हरी' हा संदेश तुम्हाला येतो तो या स्कॅनमुळे. पार्सल तुमच्या घराच्या दिशेने निघाले, असा त्याचा अर्थ नसून ते कोणाच्या तरी यादीत आले, एवढाच आहे. रात्री हिशेब मिटवताना यादीतल्या प्रत्येक पार्सलपुढे काहीतरी निकाल असावाच लागतो: एकतर ते पोहोचले, नाहीतर का पोहोचले नाही. हे कारण स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही. ते मोबाइलवरच्या ठरावीक यादीतून निवडावे लागते: पत्ता सापडला नाही, घर बंद, घेण्यास नकार, ग्राहकाने दुसरी तारीख मागितली, ग्राहक उपलब्ध नाही. 'आज मला तिथवर जाणे जमले नाही' असे कारण आमच्या यादीत नव्हते. वेळ अपुरा पडल्याचे दाखवण्याची जी एक सोय होती, ती वापरली की दुसऱ्या दिवशी त्या मुलालाच जाब द्यावा लागे. मग तो काय निवडणार, हे उघड आहे.

वेळ का अपुरा पडतो, याचा हिशेब साधा आहे. समजा एखाद्याच्या नावावर 120 पार्सले आहेत आणि हातात 8 तास आहेत, तर प्रत्येक पार्सलला बरोबर 4 मिनिटे मिळतात, आणि त्या 4 मिनिटांतच प्रवास, गाडी लावणे, जिने चढणे, फोन, ओटीपी, फोटो आणि सही हे सगळे उरकायचे असते. एका घरी दहा मिनिटे गेली तर ती पुढच्या प्रत्येक घराच्या वेळेतून वजा होतात, आणि मार्गाच्या शेवटी ज्यांची घरे असतात त्यांच्या वाट्याला रोज तोच उशीर येतो. तुमच्याकडे तिन्ही दिवस हेच घडले असेल, तर तुमचे घर त्या मार्गाच्या टोकाला असण्याचा संभव मोठा आहे. 'सकाळी 10 ते संध्याकाळी 7' असा ढोबळ वेळ का देतात, याचेही उत्तर यातच आहे. फक्त 10 घरे घेतली तरी ती 36,28,800 निरनिराळ्या क्रमांनी फिरता येतात. संगणक त्यांतला बऱ्यापैकी क्रम काढून देतो, पण वाटेत एक रस्ता बंद निघाला किंवा एका ग्राहकाने ताटकळत ठेवले की तो क्रम कोलमडतो. बऱ्याच ठिकाणी या मुलांना पोहोचवलेल्या पार्सलमागे पैसे मिळतात, न पोहोचलेल्याचे काहीच नाही. तेव्हा तुमचे पार्सल परत नेण्यात त्याचा फायदा असतो, हा समज चुकीचा आहे. तरीही न येता 'येऊन गेलो' असे लिहिणे खोटेच आहे. ज्या माणसाने रजा घालवली त्याचे नुकसान त्या मुलाच्या अडचणीने भरून निघत नाही, हे मी तेव्हाही म्हणत असे आणि आजही म्हणते.

आता तुमच्या बाबतीत खरे काय घडले, ते कसे ओळखावे? पहिली खूण म्हणजे नोंदीची वेळ. ट्रॅकिंगच्या पानावर तपशील उघडला की प्रत्येक नोंदीपुढे बहुधा तास-मिनिटे दिसतात. दुपारी 1 वाजून 12 मिनिटांची नोंद असेल तर माणूस तुमच्या परिसरात खरोखर येऊन गेला असण्याची शक्यता बरीच आहे. रात्री 9च्या सुमाराची असेल, आणि तीही तिन्ही दिवस, तर ती हिशेब मिटवताना केलेली नोंद असावी. आमच्या केंद्रात अशा नोंदी ओळखणे मुळीच कठीण नव्हते. एकमेकांपासून कितीतरी लांब असलेली पाच-सहा घरे अर्ध्या मिनिटात 'उपलब्ध नाही' झालेली दिसत, आणि एक माणूस अर्ध्या मिनिटात सहा दारांशी उभा राहू शकत नाही. या नोंदी वरिष्ठांना दिसत नसत असे नाही. ग्राहकाने वेळेवर बोट ठेवून विचारले तर त्यांना त्या पाहाव्या लागत, एवढाच फरक होता.

दुसरी शक्यता पत्त्याची. नकाशावरची खूण चुकीच्या जागी असेल, तर प्रामाणिक माणूसही चुकीच्या दाराशी उभा राहून बेल वाजवतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत अचूक असतो, पण उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि ही चूक बरीच वाढते. मजला तर त्यातून नीट कळतच नाही. तेव्हा तुमच्या खात्यात साठवलेला पत्ता एकदा उघडून पाहा आणि नकाशावरची खूण इमारतीच्या मध्यावर न ठेवता ज्या फाटकातून आत यायचे तिथे ठेवा. पत्त्याच्या ओळीत मजला, दार कोणत्या बाजूला आहे आणि जवळची ठळक खूण लिहा. जुना फोन क्रमांक राहून गेला आहे का, हेही पाहा. अनोळखी क्रमांक आपोआप अडवणारी सोय मोबाइलमध्ये चालू असेल, तर वाजलेला फोन तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. अडवलेल्या फोनची यादी वेगळी असते, तीही तपासा.

हे शेवटचे मी घरच्या अनुभवावरून सांगते. नोकरी सोडल्यानंतर माझ्या वडिलांचे श्रवणयंत्र दुरुस्तीला गेले होते आणि ते कुरियरने परत यायचे होते. वडील दिवसभर घरात होते. दोन दिवस 'घर बंद' अशी नोंद आली, आणि ही नोंद खोटीच असणार, असे गृहीत धरून मी तावातावाने तक्रार केली. केंद्राकडून उत्तर आले तेव्हा त्यात दोन्ही दिवसांच्या भेटीची जागा आणि वेळ होती. तो मुलगा आमच्या दाराशी आला होता, त्याने बेल वाजवली होती, फोनही केला होता. यंत्राशिवाय वडिलांना बेल ऐकू येत नव्हती, आणि माझ्या मोबाइलने त्याचा क्रमांक परस्पर अडवला होता. मला त्याची फार खंत वाटली. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकूंचा क्रमांक पर्यायी म्हणून दिला आणि यंत्र दुपारी हातात पडले. माझ्या तक्रारीने त्या मुलाला नाहक उत्तर द्यावे लागले. तेव्हापासून मी तक्रारीत 'तुमचा माणूस आला नाही' असे लिहीत नाही. 'अमुक दिवशीच्या भेटीची जागा, वेळ आणि केलेल्या फोनची नोंद मला कळवा' असे लिहिते. खोटी नोंद असेल तर या मागणीला उत्तर देता येत नाही, आणि खरी असेल तर अडचण कुठे आहे ते आपल्याला कळते.

तक्रार कुठे करायची, हा यापुढचा महत्त्वाचा मुद्दा. बहुतेक जण कुरियर कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करत राहतात आणि यंत्राचा आवाज ऐकून दमतात. वस्तू तुम्ही विक्रेत्याकडून घेतली आहे, पैसे त्याला दिले आहेत, आणि कुरियर कंपनीची ग्राहक तुम्ही नसून तो आहे. म्हणून लेखी तक्रार विक्रेत्याकडे करा आणि कुरियरकडे तिची प्रत पाठवा. कायद्याचा कलही याच बाजूचा आहे. युरोपीय संघाच्या 2011च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार आणि ब्रिटनच्या 2015च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंत तिची जोखीम विक्रेत्यावर असते. ग्राहकाने स्वतःच वेगळा वाहक नेमला असेल तर मात्र ही सवलत मिळत नाही. भारताच्या 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि एक महिन्यात तिचे निवारण करायचे असते. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि त्या दिवशीच्या ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण पार्सल परत गेल्यावर जुने तपशील दिसेनासे होऊ शकतात.

एक इशारा द्यायलाच हवा. 'पार्सल आणतोय, आधी ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो सांगू नका. पार्सल हातात घेऊन, वरचे नाव वाचून मगच तो द्या. ओटीपी दिला की नोंदीत पार्सल पोहोचलेले ठरते, आणि त्यानंतर ते मिळाले नाही हे सिद्ध करण्याचा भार व्यवहारात तुमच्यावर येऊन पडतो. काही ठिकाणी 'नको असल्याची' खात्री करण्यासाठीही ओटीपी येतो, म्हणून संदेश पूर्ण वाचल्याशिवाय अंक उच्चारू नका.

पार्सल परदेशातून टपालाने येत असेल तर त्याचा क्रमांक नीट पाहा. जागतिक टपाल संघाच्या पद्धतीत तो 13 अक्षरांचा असतो: सुरुवातीला दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी ज्या देशातून ते निघाले त्याची दोन अक्षरे. असा क्रमांक पाठवणाऱ्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही शोधता येतो, आणि आपल्याकडे न दिसलेली नोंद कधी कधी तिथे सापडते.

तुमची तीन वेळा नोंद झाली आहे, आणि तीन प्रयत्नांनंतर पार्सल विक्रेत्याकडे परत पाठवण्याची पद्धत बऱ्याच कंपन्यांत आहे. आमच्याकडे तिसऱ्या रात्री पार्सल परतीच्या फळीवर जाई आणि पुढच्या सकाळच्या गाडीत चढे. म्हणून हे वाचल्यावर सर्वांत आधी विक्रेत्याच्या ॲपमधून किंवा फोनवरून 'पार्सल केंद्रातच राखून ठेवा, मी स्वतः नेईन' अशी विनंती नोंदवा. त्यानंतर तक्रार लिहा. केंद्राचा पत्ता मिळाला तर सकाळी लवकर, गाड्या सुटण्यापूर्वी जा. सोबत ओळखपत्र, ट्रॅकिंग क्रमांक आणि विनंती नोंदवल्याचा संदेश ठेवा. दुपारी गेलात तर तेच पार्सल कोणाच्या तरी रनशीटवर पुन्हा चढून बाहेर गेलेले असू शकते, आणि मग ते संध्याकाळी परत येईपर्यंत केंद्रातही कोणाला काही करता येत नाही.