खर्च कुठं गेला, ते आधी विचार

चि. ...स,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. विषय झकास आहे, शीर्षक मात्र झेपणार नाही एवढं मोठं. ‘निसर्गप्रेरित संगणनातून एनपी-कम्प्लीट प्रश्नांची उकल’ म्हटलंस तर विभागात कुणी अडवणार नाही, उलट कौतुकच होईल. म्हणूनच हे घाईनं लिहितोय. (एनपी-कम्प्लीट म्हणजे, आकार जरा वाढला की उत्तर शोधायची मेहनत आजच्या माहितीतल्या पद्धतींनी भरमसाट वाढते, असे प्रश्न.)

तुझी सुरुवात डीएनएपासून आहे, तर तिथूनच बघू. १९९४ साली लेनर्ड एडलमन यांनी सात ठिकाणांचा एक नकाशा घेतला आणि प्रत्येक ठिकाणी एकदाच जाणारा मार्ग परीक्षानळीत शोधला; हा असाच एक अवघड प्रश्न. दर ठिकाणासाठी २० अक्षरांचा डीएनएचा तुकडा, दर रस्त्यासाठी दोन ठिकाणं सांधणारा तुकडा. सगळं एकत्र मिसळलं की मार्ग आपोआप जुळतात, बरोबर-चूक सगळे एकदमच. नंतर चुकीचे गाळत बसायचं. त्यात प्रयोगशाळेतला जवळपास आठवडा गेला. तुझा प्रस्ताव इथंच थांबतो. पुढच्याच वर्षी युरिस हार्टमानिस यांनी हिशेब मांडला, की हीच पद्धत २०० ठिकाणांना लावली तर लागणारा डीएनए पृथ्वीपेक्षा जड भरेल. म्हणजे वेळ वाचला, पण वजन वाढलं.

गेओर्गे पाउन यांनी १९९८ मध्ये पेशीच्या पडद्यांवरून मांडलेल्या पटल-संगणनाचंही (मेम्ब्रेन कम्प्युटिंग) तेच. पेशीसारखं पटल दुभंगत जातं आणि थोड्या फेऱ्यांत अवघड प्रश्न सुटतो, हे सिद्ध झालेलं आहे. पण ५० वेळा दुभंगल्यावर पटलं किती झाली? अकरा लाख अब्जांच्या वर. ती ठेवणार कुठं? तुझे वडील शिरोलीला फौंड्रीत आहेत ना, त्यांना विचार. कास्टिंग लवकर निघालं एवढ्यावर तिथं कुणी खूश होत नाही. वीज किती लागली, रिजेक्शन किती गेलं, हे आधी विचारतात. कुठलंही नवं मॉडेल हातात आलं की तू तेच विचार.

मग हा विषय सोडायचा का? मुळीच नाही. फक्त उलट्या टोकानं धर. निसर्गातला घटक किती ताकदवान आहे हे सांगत बसण्यापेक्षा, अगदी दुबळ्या घटकांना काय जमतं आणि काय कधीच जमणार नाही, हे विचार. खरी मजा तिथं आहे.

कागद घे. भांड्यात क आणि ख असे दोन प्रकारचे रेणू आहेत. नियम एकच: एक क आणि एक ख भेटले की दोघं संपतात आणि एक य तयार होतो. सगळं शांत झाल्यावर य मोज. क आणि ख यांतली जी संख्या लहान, तेवढेच य मिळतील. एका अभिक्रियेत किमान संख्या निघाली.

आता कमाल काढ. इथं चार नियम लागतात. क मोडून एक य आणि एक च. ख मोडून एक य आणि एक छ. च व छ भेटले की झ. आणि झ-य भेटले की दोघंही नाहीसे. आधी बेरजेएवढे य तयार होतात, मग लहान संख्येएवढे परत घेतले जातात. तुला वाटेल, हे परत घेणं टाळता येईल, जरा डोकं चालवलं की झालं. नाही टाळता येत. भांड्यात एकटा क असेल तर उत्तर १, म्हणून त्याला एक य करता यायलाच हवा. एकट्या खचंही तसंच. आता एक क आणि एक ख एकत्र टाक. दोघं एकमेकांना न भेटता आपापलं काम उरकू शकतात, आणि य होतात दोन. बरोबर उत्तर एकच होतं. तयार झालेला य परत घेता येत नसेल तर खेळ संपला.

एवढीच सिद्धता. महागडं यंत्र नाही, सिम्युलेशन नाही, आणि तरी ‘हे अशक्य आहे’ असं ठामपणे म्हणता आलं. माझ्या मते तुझ्या प्रस्तावातल्या सगळ्या आलेखांपेक्षा हे वजनदार आहे. (आलेख सुंदर आहेत, रंगही छान निवडलेत.)

याच वाटेवर डेना अँग्लुइन आणि सहकाऱ्यांचं २००४ चं काम भेटेल. थव्यातल्या पक्ष्यांवर बसवलेले क्षुद्र सेन्सर, स्मरणशक्ती जेमतेम, कोण कुणाला भेटेल ते आपल्या हातात नाही. तरी बहुमत कुणाचं हे ते ठरवू शकतात. एक संख्या दुसऱ्या दोन संख्यांचा गुणाकार आहे का, हे मात्र ठरवू शकत नाहीत; सीमा नेमकी कुठं हे पुढच्या काही वर्षांत सिद्धही झालं. ते समजायला ऑटोमाटा, म्हणजे मोजक्या अवस्थांच्या काल्पनिक यंत्रांचा विषय, पक्का हवा. परीक्षेपुरता केलेला चालणार नाही, अशा यंत्रांना काय ओळखता येणार नाही हे दाखवणारा पम्पिंग लेमा स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे.

आणि कोल्हापुरात बसून हे कसं जमणार, हा प्रश्न परत काढू नकोस. १९७० च्या दशकात चेन्नईत गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी कोलमच्या आकृत्यांवरून द्विमितीय व्याकरणं, म्हणजे आकृत्या रचायचे नियम, मांडली. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची ती बहीणच. असल्या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसायला जागा मिळते, तेवढी पुरे.

तेव्हा शीर्षक आत्ता बदलू नकोस, आधी हे कर. क, ख, ग अशा तीन प्रकारच्या रेणूंच्या संख्यांतली मधली संख्या काढणारे नियम लिही. त्यात य परत घ्यावा लागतो का, तेही सिद्ध कर. हातानं लिहून आण, टाइप केलेलं नको.

तुझे,
सर