डॉक्टर झाली आणि लॅबमध्ये जाऊन बसली तर? (तुमचे प्रश्न)

मागच्या अंकात डॉ. एम. एस. वलियाथन यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, केरळचे हार्ट सर्जन, देशी हृदयझडप बनवणारे, नंतर मणिपाल विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, २०२४ च्या जुलैत गेले. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली तीन घेतोय.

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणते मला रिसर्च करायचाय. घरातले म्हणतात, एवढं शिकून उंदीर कापत बसणार का? तुम्ही लिहिलेले डॉक्टर कुलगुरू झाले, पण असं लाखात एखाद्याचं होतं ना? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, कुलगुरूपद जरा बाजूला ठेवा, ते खूप नंतर आलं आणि मला विचाराल तर त्या आयुष्यातला तो सगळ्यात कमी मजेचा भाग. आधीचं बघा. माणूस त्रिवेंद्रमला (म्हणजे आजच्या तिरुवनंतपुरमला) एमबीबीएस, इंग्लंडात एफआरसीएस म्हणजे सर्जनची मोठी पदवी, मग अमेरिकेत हार्ट सर्जरी. तिकडेच राहिले असते तर आज आपण त्यांचं नाव काढलं नसतं. ते परत आले आणि १९७४ च्या सुमारास तिरुवनंतपुरमला श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेची जबाबदारी घेतली. पेशंट कोण तर लहानपणी घसा दुखला, मग संधिवाताचा ताप, त्यात हृदयाची झडप गेली अशी गरिबाघरची पोरं. ऑपरेशन यांना येत होतं, पण झडप परदेशातून यायची आणि तिची किंमत ऐकूनच नातेवाईक पेशंटला घरी न्यायचे. मग काय, सर्जननेच झडप करायला घेतली, इंजिनिअर आणि केमिस्ट सोबत घेऊन, आणि तेही त्याच शहरातल्या पूजप्पुरा भागातल्या एका जुन्या राजवाड्यात, संस्थेचा तंत्रज्ञान विभाग तिथे होता.

आता हे नीट वाचा आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा. पहिली तीन मॉडेलं फेल गेली. हृदय दिवसाला साधारण लाखभर वेळा ठोके देतं, म्हणजे झडपेतली चकती वर्षाला साडेतीन कोटींच्या वर वेळा उघडझाप करणार, कुठलाही माल घासणारच. एकात नीलमाची म्हणजे सफायरची चकती वापरली, इतकी कडक की टायटॅनियमचा सांगाडाच झिजायला लागला. सांगाडा बदलला तर मेंढीच्या हृदयात बसवलेली नीलमाची चकतीच फुटली! शेवटी चौथ्या मॉडेलात कोबाल्ट-क्रोमियमचा सांगाडा आणि चकती चक्क प्लास्टिकची, कृत्रिम खुब्याच्या वाटीत वापरतात त्या जातीच्या पॉलिथिलीनची. ६ डिसेंबर १९९० ला पहिल्या पेशंटला बसली. पुढे टीटीके समूहाने (हो, कुकरवाला) ती बाजारात आणली आणि लाखाच्या वर लोकांना बसली.

तेव्हा मुलीला 'कुलगुरू होशील का' हे विचारू नका, 'तीनदा फेल गेलं तर चौथ्यांदा करशील का' हे विचारा. नाही म्हणाली तर प्रॅक्टिस करू दे, तेही चांगलंच काम आहे.

प्रश्न : मी एमबीबीएस सेकंड इयर. सुरुवात कुठून करू? – लातूर

उत्तर : आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, तिची एसटीएस म्हणून दोन महिन्यांची छोटी स्टुडंटशिप असते, एमबीबीएस-बीडीएसच्या पोरांसाठी. या वर्षीच्या तारखा आणि नियम साइटवर बघून घे. पण फॉर्मच्या आधी गाइड शोध. मोठं नाव शोधू नकोस रे, ज्याच्या केबिनचं दार उघडं असतं आणि जो तुझं लिखाण लाल पेनाने रंगवून परत देईल असा शोध. आणि विषय तुझ्या ओपीडीत रोज दिसतो तो घे, परदेशातल्या पेपरवरून उचललेला नको.

प्रश्न : आईला बारा वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली. रात्री सगळं शांत झालं की छातीतून टिकटिक ऐकू येते, नातवंडं म्हणतात आजीने घड्याळ गिळलंय. हे नॉर्मल आहे का? – नाशिक

उत्तर : नातवंडांना सांगा, बरोबर ओळखलंत! चकती बंद होताना सांगाड्यावर आपटते तो आवाज, नॉर्मल आहे. रक्त पातळ करणारी गोळी मात्र जन्मभर, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) डॉक्टर सांगतील तेव्हा तपासायचाच, आणि मेथी-पालकाने गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो, म्हणून ते बंद नको पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असंही नको. दात काढायचा असेल तर डेंटिस्टला झडपेचं आधी सांगा, गोळी मनाने थांबवू नका. टिकटिकीला घाबरू नका, पण ती अचानक दबकी झाली किंवा ऐकूच येईनाशी झाली, किंवा दम लागायला लागला, तर सकाळची वाट न बघता तसंच हॉस्पिटल गाठा.