चार माग, एक कामगार आणि बत्तीस थ्रेड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सोलापुरात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ब्रँच इलेक्ट्रॉनिक्स. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला आहेत, एकटे चार माग सांभाळतात. सर म्हणाले ओपनस्पार्क नावाच्या अख्ख्या प्रोसेसरचं डिझाइन फुकट मिळतं. हे खरंय का? आणि मल्टिथ्रेडिंग म्हणजे वडील चार माग बघतात तसंच का? मला स्वतःची चिप बनवायचीय.

उत्तर : खरंय रे. आणि तुझा मागाचा प्रश्न वाचून लै बरं वाटलं, कारण तू योग्य जागी बोट ठेवलंयस, म्हणून आधी तेच घेतो.

वडिलांच्या एका मागावरची कांडी संपली, माग थांबला, भरलेली कांडी यायला वेळ आहे, तर ते तिथं उभे राहतात का? नाही, तोवर दुसऱ्या मागावरचं तुटलेलं सूत जोडतात. प्रोसेसरमध्ये कांडी म्हणजे डेटा. पाहिजे तो डेटा जवळच्या कॅशमध्ये (प्रोसेसरच्या शेजारची छोटी वेगवान मेमरी) नसला की मेन मेमरीतून यायला शंभरेक क्लॉक (प्रोसेसरच्या कामाचे ठोके) सहज जातात आणि साधा प्रोसेसर तेवढा वेळ नुसता उभा. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं २००५च्या शेवटी अल्ट्रास्पार्क टी१ आणला, आतलं नाव नायगारा, त्यात या उभं राहण्यावरच इलाज केला. ८ कोअर (एकाच चिपवरचे वेगवेगळे प्रोसेसर), प्रत्येक कोअरमध्ये ४ थ्रेड (पाळीपाळीनं चालणारी वेगळी कामं), म्हणजे एकूण ३२. प्रत्येक थ्रेडला स्वतःचे रजिस्टर (हाताशी आकडे ठेवायच्या जागा) आणि स्वतःचा प्रोग्राम काउंटर (पुढची इन्स्ट्रक्शन कुठली ते सांगणारा आकडा), पण गणित करणारा भाग आणि पहिली कॅश चौघांत मिळून एकच. इन्स्ट्रक्शन ज्या वाटेनं टप्प्याटप्प्यानं जाते त्या पाइपलाइनला सहा पायऱ्या आहेत आणि त्यातली दुसरी अख्खी पायरी फक्त आता कुणाचा नंबर हे ठरवायला ठेवलीय. ज्याचा डेटा आला नाही तो बाजूला, उरलेल्यांत ज्याला नंबर मिळून सगळ्यात जास्त वेळ झालाय तो पुढं. दर क्लॉकला हे चालतं.

आता फरक. वडिलांचे चारही माग एकदमच खटाखट चालत असतात, पण टी१च्या एका कोअरमध्ये एका क्लॉकला एकाच थ्रेडची एकच इन्स्ट्रक्शन आत सुटते. म्हणून थ्रेडची तुलना मागाशी कर, पण पाइपलाइनची तुलना वडिलांच्या दोन हातांशी कर, ते हात रिकामे राहू नयेत एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. आणि खरोखर एकाच वेळी काम व्हायला पाहिजे असेल तर हात वाढवावे लागतात, ते म्हणजे कोअर.

आता फुकट डिझाइनचं. मार्च २००६ मध्ये सननं टी१चं आरटीएल, म्हणजे व्हेरिलॉग या सर्किट लिहायच्या भाषेत लिहिलेलं आतलं सगळं, जीपीएल नावाच्या खुल्या लायसन्सखाली खुलं केलं, त्याचं नाव ओपनस्पार्क टी१. पुढं टी२ पण खुला झाला, त्यात कोअरमागं ८ थ्रेड, एकूण ६४. विक्रीला असलेल्या सर्व्हरच्या चिपचं डिझाइन असं उघडून ठेवणं त्या काळात फार मोठी गोष्ट होती आणि मला आजही ती मोठीच वाटते. वाचायला बसलास की कळतं माणसांनी कुठं काटकसर केली. टी१ मध्ये आठही कोअर मिळून दशांश चिन्हाच्या गणिताचं, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटचं, एकच युनिट आहे, बत्तीस थ्रेडना एक! कारण ही चिप वेबसर्व्हर आणि डेटाबेससाठी होती, तिथं असलं गणित फारसं लागत नाही. गिऱ्हाईक बदललं तसं टी२ मध्ये प्रत्येक कोअरला स्वतःचं युनिट दिलं. दोन्ही डिझाइन शेजारी ठेवून हे बघता येतं, पुस्तकातल्या चौकोनांच्या चित्रात नाही.

चिप बनवायचं म्हणतोस, तर जॅकार्ड चादरीचा ग्राफ पेपर आठव. ग्राफ मिळाला म्हणजे चादर मिळाली नाही, माग पाहिजे, सूत पाहिजे, बीम पाहिजे. टी१ ९० नॅनोमीटरवर बनला होता आणि त्यासाठी लागणारी फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, कॉलेजात नसते. पण ग्राफ वाचता येणारा माणूस चादर बघून सांगतो चूक कुठल्या ओळीत आहे, आणि आपल्याकडं कमी आहेत ती अशी माणसं. शिवाय एफपीजीए नावाचं बोर्ड असतं, त्यात हवं ते सर्किट भरता येतं, त्यावर टी१चा एक कोअर बसवून लोकांनी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केलेली आहे. तू थेट टी१ पासून सुरू करू नकोस मात्र, बुडशील. आधी पिकोआरव्ही३२ वाच, तो रिस्क-फाइव्ह या खुल्या इन्स्ट्रक्शनच्या भाषेवर चालणारा छोटा प्रोसेसर आहे आणि एकाच व्हेरिलॉग फाइलमध्ये मावतो. मग ओपनपिटॉन, प्रिन्स्टन विद्यापीठाचं काम, त्यांनी टी१चाच कोअर घेतला, त्याच्या भोवती स्वतःचं जाळं विणलं आणि २५ कोअरची खरी चिप बनवून दाखवली. कुणीतरी डिझाइन खुलं ठेवलं म्हणून दुसऱ्याला कोअरपासून सुरुवात करावी लागली नाही.

प्रश्न : नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. बिलाचं सॉफ्टवेअर हळू चालतं म्हणून विक्रेता ८ कोअर १६ थ्रेडचा कॉम्प्युटर घ्या म्हणतोय. चारपट वेग येईल का? सध्याचा २ कोअरचा आहे.

उत्तर : नाही येणार, शेठ. काम किती वाटून देता येतं त्यावर सगळं आहे. समजा शंभरातलं ८० टक्के काम वाटता येतं आणि २० टक्के एकामागून एकच करावं लागतं, तर एका कोअरच्या मानानं ८ कोअर लावून वेग साधारण ३.३ पट होतो आणि हजार कोअर लावले तरी ५ पटीच्या पुढं जात नाही. याला अ‍ॅम्डालचा नियम म्हणतात, १९६७ पासूनचा. बीमच भरून आला नाही तर आठ माग घेऊन काय करणार? बिलाची बरीच सॉफ्टवेअर्स एकाच थ्रेडवर चालतात. आणि १६ थ्रेड म्हणजे १६ कोअर नव्हे, वर लिहिलं तसं एका कोअरमध्ये दोघांना जागा दिलीय एवढंच. आधी बघा जुनी फिरती हार्डडिस्क आहे का, असेल तर एसएसडी टाका, मग ठरवा.

प्रश्न : रिस्क-फाइव्ह ओपन आहे म्हणजे त्याच्या सगळ्या चिप ओपन सोर्स का? भारतात कुणी करतंय का?

उत्तर : इथं बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. रिस्क-फाइव्हमध्ये ओपन आहे ती इन्स्ट्रक्शनची भाषा. ती भाषा बोलणारा प्रोसेसर कुणीही बनवावा आणि आतलं डिझाइन हवं तर कुलपात ठेवावं, तसे बंद डिझाइनचे कितीतरी आहेत. मराठी सगळ्यांची आहे, पण तुमची वही तुमची, तसं. भारतात आयआयटी मद्रासचा शक्ती प्रकल्प आहे, त्याचं डिझाइन बीएसडी लायसन्सखाली खुलं आहे. जीपीएलमध्ये बदल करून पुढं दिलंत तर बदलही खुले करावे लागतात, बीएसडीमध्ये ती सक्ती नाही. धंदा करायचा असेल तर हा फरक पहिल्या दिवशीच नीट वाचा. सी-डॅक या सरकारी संस्थेचे वेगा प्रोसेसर पण रिस्क-फाइव्हवरच आहेत.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला शिकवते. लॅबमध्ये जुने कॉम्प्युटर, एफपीजीए बोर्ड एकही नाही, महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नाही. मुलांना मल्टिथ्रेडिंग प्रत्यक्ष कसं दाखवू?

उत्तर : ताई, बोर्ड नसलं तरी चालेल, खरंच. आयकारस व्हेरिलॉग (व्हेरिलॉग कॉम्प्युटरवरच चालवून बघायला) आणि जीटीकेवेव्ह (सिग्नल कसे बदलले त्याचं चित्र, म्हणजे वेव्हफॉर्म, बघायला) दोन्ही फुकट आहेत आणि जुन्या मशीनवर लिनक्स टाकून मजेत चालतात. मोठं डिझाइन आणू नका, मुलांकडूनच छोटं करून घ्या. त्यांना येतो तसा साधा प्रोसेसर घ्यायचा, त्यात एकाऐवजी दोन प्रोग्राम काउंटर, दोन रजिस्टर फाइल, आणि दर क्लॉकला उलटणारा एक बिट. बिट शून्य असेल तर पहिल्याचा नंबर, एक असेल तर दुसऱ्याचा. बास, दोन थ्रेडचं मशीन झालं. ही युक्ती जुनीच आहे, १९६४ च्या सीडीसी ६६०० मध्ये दहा छोटे प्रोसेसर एकाच गणिताच्या भागावर असे पाळीपाळीनं चालायचे.

मग वेव्हफॉर्म उघडा. वरच्या ओळीत क्लॉक, त्याखाली तो बिट, त्याखाली प्रोग्राम काउंटर. मुलांना दिसेल ०, १००, ४, १०४, ८, १०८ असे आकडे आलटून पालटून येतायत. दोन प्रोग्राम एकमेकांत विणलेले, आपल्या गावातल्या पोरांना वेगळं सांगायलाच लागत नाही. त्यानंतर मेमरीत मुद्दाम दहा क्लॉकचा उशीर टाका आणि विचारा आता पहिला थ्रेड वाट बघतोय, तरी त्याची पाळी का वाया घालवायची? इथं वर्गात भांडण व्हायला पाहिजे, होऊ द्या. कुणीतरी म्हणेल जो तयार नाही त्याला सोडून पुढं जा. मग त्याला म्हणायचं, ती ओळ लिहून दाखव. आणि ती चालली की मगच टी१ मधली थ्रेड निवडणारी फाइल प्रोजेक्टरवर उघडा.